आधी किंमत ठरवा, मग भागीदार शोधा

१२ किलो वजनाच्या एका मुलाला सिकलसेल आहे. डॉक्टर त्याला हायड्रॉक्सीयुरिया सुरू करायचे ठरवतात. मात्रा वजनावर ठरते. सुरुवातीला किलोमागे साधारण १० ते २० मिलिग्रॅम. म्हणजे या मुलाला दिवसाला १२० ते २४० मिलिग्रॅम लागणार. दुकानात सर्रास मिळते ती ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल. मग घरी कॅप्सूल उघडली जाते, भुकटी पाण्यात कालवली जाते आणि अंदाजाने निम्मी पाजली जाते. हे औषध कर्करोगातही वापरतात, त्याची भुकटी आईने उघड्या हाताने हाताळणे बरे नव्हे. मुलाला रोज नेमके किती मिळाले, हेही कुणाला सांगता येत नाही.

असे मूल खानवेल-मांदोनीच्या कुठल्याही पाड्यावर असू शकते, किंवा सीमेपलीकडे तलासरी-जव्हारकडे. २०११ च्या जनगणनेत दादरा नगर हवेलीची लोकसंख्या ३,४३,७०९ होती आणि त्यातले निम्म्याहून अधिक लोक आदिवासी. वारली, धोडिया, कोकणा या समाजांत सिकलसेल आढळतो, हे या भागातल्या डॉक्टरांना नव्याने सांगायला नको. आणि तासाभराच्या अंतरावर मसाट, आमली, पिपरिया, दादरा इथल्या औद्योगिक वसाहती आहेत. या पट्ट्यात गोळ्यांची यंत्रे एका पाळीत लाखो गोळ्या दाबतात. मुलाची गरज आणि यंत्राची ताकद एकाच परिसरात आहेत, पण एकमेकांना भेटत नाहीत.

त्यांची भेट कशी घडवायची, यासाठी हा लेख आहे. मसाटचा लहान-मध्यम औषध कारखानदार, त्याच्याकडचे गुणवत्ता तपासणारे (क्यूसी-क्यूएचे) लोक, वापी-सिल्वासाच्या फार्मसी कॉलेजांतले शिक्षक आणि सरकारी रुग्णालयातले डॉक्टर माझ्या डोळ्यांसमोर आहेत. हायड्रॉक्सीयुरियाचे उदाहरण घेतले म्हणून उद्याच त्यात उडी घेऊ नका. पेशींना मारक ठरणारी अशी औषधे सर्वसाधारण विभागात बनवता येत नाहीत. त्यांना वेगळी जागा, वेगळी हवा आणि कामगारांचे वेगळे संरक्षण लागते. शिवाय २०२४ मध्ये खोलीच्या तापमानात टिकणारे याच औषधाचे देशी पातळ रूप बाजारात आले आहे. मला दाखवायचा आहे तो प्रश्नाचा आकार. मूल, वजन, मात्रा, घरातली परवड, एवढ्या नेमकेपणाने प्रश्न मांडता आला तर भागीदार मिळतो. ‘आम्हाला काहीतरी संशोधन करायचे आहे’ असे म्हणत कुठल्याही प्रयोगशाळेचे दार ठोठावलेत, तर चहा मिळेल आणि माहितीपत्रक मिळेल.

नेमका प्रश्न आणि नेमकी किंमत आधी, संस्था नंतर. हा क्रम किती मोलाचा आहे, ते पुण्यात घडलेल्या एका कामात दिसते. १९९६-९७ मध्ये आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मेंदुज्वराची मोठी साथ आली. अडीच लाखांच्या आसपास लोक आजारी पडले आणि २५ हजार दगावले. २००१ मध्ये ‘पाथ’ ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून लशीचा प्रकल्प उभा केला; गेट्स प्रतिष्ठानाने ७ कोटी डॉलर दिले. प्रकल्पाचे प्रमुख डॉ. मार्क लाफोर्स आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांशी बोलले तेव्हा त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगण्यात आली: मात्रेची किंमत ५० सेंटच्या वर गेली तर ती लस आमच्या उपयोगाची नाही. मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांशी या किमतीत बोलणी जमली नाहीत.

तेव्हा त्यांनी कामाचे तुकडे केले. जिवाणूच्या आवरणातली साखर, म्हणजे पॉलिसॅकराइड, ॲमस्टरडॅमच्या सिन्को बायो पार्टनर्सकडून घ्यायची. ती प्रथिनाला जोडण्याची पद्धत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतली. तिथे ली आणि फ्रॅश या दोन शास्त्रज्ञांनी ती बसवली होती आणि तिच्यातून उत्पादन चांगले निघत होते. टिटॅनस टॉक्सॉइड हे प्रथिन आणि सगळे उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी अमेरिकेत जाऊन ती पद्धत शिकून घेतली आणि इथे मोठ्या प्रमाणावर बसवली. ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोमध्ये ‘मेनआफ्रिव्हॅक’ लशीची मोहीम सुरू झाली, ठरवलेल्या किमतीच्या आत. पुढे ३० कोटींहून अधिक लोकांना ती मिळाली. २०१२ मध्ये तिला आणखी एक मान्यता मिळाली: ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या उष्णतेत चार दिवस फ्रीजबाहेर चालेल. ज्या गावात वीज नाही, तिथे या मान्यतेचे मोल किती, ते मसाटच्या माणसाला वेगळे समजावायला नको.

या गोष्टीतला कारखानदार नीट पाहा. त्याने जिवाणूचा शोध लावला नव्हता, जोडण्याची पद्धतही त्याची नव्हती. त्याच्याकडे होते ते टिटॅनसच्या लशीचे वर्षानुवर्षांचे काम, मोठ्या टाक्या, शिकायला तयार माणसे आणि कमी किमतीत बनवण्याची सवय. तुमचा तुकडा कोणता, हे असेच शोधायचे असते.

मसाटच्या पन्नास-शंभर माणसांच्या कारखान्याकडे प्रयोगशाळेजवळ नसलेले बरेच काही असते, फक्त त्याला तो संशोधन म्हणत नाही. प्रयोगशाळेत २०० ग्रॅमचा प्रयोग छान जमतो. तीच पावडर १५० किलोच्या ब्लेंडरमध्ये गेली की बारीक आणि जाडे कण वेगळे होऊ लागतात. पहिल्या आणि शेवटच्या गोळीतले औषध सारखे भरत नाही. गोळीला कॅपिंग होते, वरचा पापुद्रा सुटतो. पंचला पावडर चिकटते. जुलैत वाळवणीचा वेळ वाढतो, कारण बाहेरची हवाच ओली. हे सगळे तुमच्या ऑपरेटरला तोंडपाठ आहे. संस्थेतल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला ते माहीत नसते, आणि त्याचे औषध कपाटात राहण्याचे कारण बहुतेक वेळा इथेच असते. म्हणून बोलणी करायला जाल तेव्हा ‘आम्ही पैसे घालू’ यापासून सुरुवात करू नका. ‘तुमचा प्रयोग मोठ्या बॅचमध्ये कुठे मोडेल ते आम्ही सांगू शकतो’, हे वाक्य जास्त वजनदार आहे.

जायचे कुठे? लांब जायची गरज नाही. मुंबईत माटुंग्याला रसायन तंत्रज्ञान संस्था आहे, जुन्या लोकांच्या तोंडी अजून यूडीसीटी. १९३३ पासूनची ही संस्था उद्योगाशी बोलण्यात मुरलेली आहे. प्रा. मनमोहन शर्मांच्या पिढीने कारखान्याचे प्रश्न वर्गात आणि वर्गातले उत्तर कारखान्यात नेण्याची पद्धत घालून दिली. सल्लामसलत म्हणजे काय आणि तिचे पैसे कसे ठरतात, हे तिथल्या प्राध्यापकांना समजावून सांगावे लागत नाही. पुण्यात १९५० पासूनची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे आणि तिच्या आवारात २००७ मध्ये सुरू झालेले व्हेंचर सेंटर. नव्या जैव-उद्योगांना जागा, उपकरणे आणि पेटंटचा सल्ला तिथे मिळतो. रक्ताच्या आजारांसाठी मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तविज्ञान संस्था आहे. सिकलसेलवर तिचे काम जुने आहे. आणि सिल्वासातच श्री विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल आणि त्याला जोडलेले नमो वैद्यकीय महाविद्यालय आहे. शेजारच्या फार्मसी कॉलेजांना कमी लेखू नका. सहा महिने दर आठवड्याला नमुने तपासण्याचे कंटाळवाणे काम एखादा एम. फार्म.चा विद्यार्थी प्रबंध म्हणून मन लावून करतो आणि कॉलेज पायी जाण्याच्या अंतरावर नसले तरी रिक्षाच्या अंतरावर असते.

डॉक्टरांना मात्र शेवटी बोलावू नका. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांनी रक्ताच्या कर्करोगावरची ‘नेक्सकार१९’ ही पेशी-उपचारपद्धत घडवली. आयआयटीत डॉ. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत पेशींचे काम झाले, टाटाच्या डॉक्टरांनी रुग्णांवरच्या चाचण्या घेतल्या, आणि २०१८ मध्ये निघालेल्या इम्युनोॲक्ट या कंपनीने उत्पादन उभे केले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ती देशाला अर्पण झाली. परदेशात अशा उपचाराला कोटींमध्ये पैसे मोजावे लागतात. इथली किंमत त्याच्या साधारण दहाव्या हिश्शावर आली. रुग्णालय पहिल्यापासून आत होते, म्हणून रुग्णाला काय झेपते आणि वॉर्डात काय चालते, हे प्रयोगशाळेला वेळेवर कळले. तुमच्या कामातही नर्सला विचारा की पाकीट फाडायला सोपे आहे का, आशाताईला विचारा की मात्रा घरात कशी मोजली जाते. मात्र रुग्णांशी संबंध आला की संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची मंजुरी हवीच, उरलेल्या रक्ताचे नमुने वापरायचे असले तरी. परदेशी भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या तपासणी समितीकडेही जावे लागते. हे वेळखाऊ आहे, पण पाड्यावरचा माणूस विश्वासाने हात पुढे करतो, त्याच्याबाबत यात कसूर चालणार नाही.

आता कागद. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझे स्वतःचे हात इथे भाजले आहेत. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेकडून आम्ही दाणेदार मिश्रणाची कृती घेतली. ओळखीचे लोक, मनमोकळी बोलणी, हस्तांदोलन. पावसाळ्यात पहिली मोठी बॅच काढली आणि पावडरचे गठ्ठे झाले. कणाचा आकार किती असावा, हे कुणी लिहिलेच नव्हते. त्यांनी विचारले नाही आणि आम्हीही विचारले नाही. बॅच कुणाच्या खर्चात धरायची यावर तीन महिने पत्रव्यवहार चालला. कृती वाईट नव्हती. दोन्हीकडचे लोक प्रामाणिक होते. तरी काम तिथेच थांबले, आणि त्याची खंत मला आजही आहे.

म्हणून पहिल्या भेटीआधी गुप्ततेचा साधा करार. नमुना हातात घेण्याआधी त्या नमुन्याचा वेगळा कागद: किती ग्रॅम, कशासाठी, उरला तर परत की नष्ट. मग मुख्य करार, आणि त्यात कामाचे टप्पे. प्रत्येक टप्प्यावर एक मोजता येणारी अट घाला. उदाहरणार्थ, ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असलेल्या चेंबरमध्ये सहा महिने ठेवल्यावर औषधाचे प्रमाण अमुक टक्क्यांच्या खाली जाऊ नये. अट पुरी झाली तर पुढचे पैसे, नाही झाली तर थांबायचे आणि कुणी कुणाला दोष द्यायचा नाही. फसलेल्या बॅचचा खर्च कसा वाटायचा, तेही आधीच लिहा. मूळ नोंदवह्या कुणाकडे राहतील आणि किती वर्षे, तेही.

पेटंटच्या बाबतीत मराठी उद्योजक एक चूक हमखास करतात. ‘दोघांच्या नावावर निम्मे-निम्मे’ असे लिहिले की न्याय झाला, असे त्यांना वाटते. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ५० प्रमाणे, वेगळा करार नसेल तर प्रत्येक सहमालक स्वतः त्या शोधाचा वापर करू शकतो आणि दुसऱ्याला हिशेब देणे लागत नाही. पण दुसऱ्याच्या संमतीशिवाय तो तिसऱ्याला परवाना देऊ शकत नाही, आपला हिस्साही विकू शकत नाही. संस्थेकडे कारखाना नसतो, त्यामुळे वापराचा फायदा तुम्हालाच होतो आणि ती पुढे नाराज होते. आणि तुम्हाला मोठ्या कंपनीला परवाना द्यायचा झाला की संस्थेची फाइल कुठेतरी अडकून बसते. संयुक्त मालकी ठेवायची असेल तर परवाना कोण देईल, उत्पन्न कसे वाटायचे आणि किती दिवसांत उत्तर नाही आले तर संमती धरायची, हे त्याच करारात लिहा. त्याहून सोपे म्हणजे पेटंट एकाच्या नावावर आणि दुसऱ्याला ठरलेल्या क्षेत्रात वापराचा पक्का हक्क. आधीपासून ज्याच्या त्याच्याकडे असलेले ज्ञान ज्याचे त्याचेच राहील, हे वेगळ्या कलमात स्पष्ट करा आणि त्याची यादी जोडा.

प्राध्यापकांना लेख छापायचा असतो, विद्यार्थ्याला परिषदेत पोस्टर लावायचे असते. तो त्यांचा हक्क आहे, अडवू नका. पण पोस्टर भिंतीवर लागले की शोधाचे नावीन्य सहसा संपते. म्हणून छापण्याआधी मजकूर साठ किंवा नव्वद दिवस तुमच्याकडे येईल असे ठरवा आणि तेवढ्या वेळात तात्पुरते पेटंट दाखल करा. पूर्ण मसुद्याला त्यानंतर १२ महिने मिळतात. भारतात राहणाऱ्याने परदेशात आधी अर्ज करायचा असेल तर पेटंट कार्यालयाची परवानगी लागते, नाहीतर इथे अर्ज करून सहा आठवडे थांबावे लागते. जंगलातली वनस्पती किंवा पाड्यावरचे ज्ञान कामात असेल, तर जैवविविधता कायद्याचे नियम पहिल्या दिवशी वाचा. ते ज्ञान फुकट उचलून नेण्याची गोष्ट नव्हे. कारखान्यात प्रायोगिक बॅच काढण्यासाठीही परवाना लागतो: नेहमीच्या औषधाला चाचणीसाठी फॉर्म २९, नव्या औषधासाठी केंद्रीय नियंत्रकाचे चालू नियम बघा. ‘छोटीशी तर बॅच आहे’ म्हणून काढली आणि तपासणीत सापडली, तर मुख्य परवान्यावर गदा येते.

पैशांचे थोडक्यात सांगतो. बायरॅक ही केंद्र सरकारची संस्था २०१२ पासून जैव-उद्योगांना अनुदान देते. तिची ‘बिग’ योजना नव्या उद्योजकाला १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत देत आली आहे. औषध आणि वैद्यकीय उपकरणांच्या संशोधनासाठी २०२३ मध्ये ५,००० कोटींची ‘प्रिप’ योजना जाहीर झाली. तुमची स्वतःची संशोधन शाखा असेल तर केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची (डीएसआयआर) मान्यता घेऊन ठेवा. योजनांच्या अटी बदलत राहतात, म्हणून अर्ज भरण्याआधी चालू वर्षाची जाहिरातच वाचा. आणि अनुदानासाठी प्रश्न बदलू नका. अनुदान मिळाले नाही तर हे काम आपण किती छोट्या रूपात करू, याचे उत्तर ज्याच्याकडे असते, त्यालाच बहुधा अनुदान मिळते.

शेजारच्या कारखान्याशी स्पर्धा आहे, मग त्याच्याशी हात कसा मिळवायचा? जुलै २०१८ मध्ये रक्तदाबाच्या व्हालसार्टन औषधात नायट्रोसामाइन ही कर्करोगकारक ठरू शकणारी अशुद्धी सापडली आणि जगभर माल परत बोलावला गेला. तेव्हापासून निर्मात्यांना अशा अशुद्धीची जोखीम तपासावी लागते आणि धोका दिसला तर ती अगदी सूक्ष्म पातळीवर शोधावी लागते. त्यासाठीचे एलसी-एमएस यंत्र कोटींच्या घरात जाते आणि ते चालवणारा माणूस टिकवणे त्याहून कठीण. इस्टेटमधल्या सहा-सात कारखान्यांनी मिळून एक यंत्र आणि दोन तज्ज्ञ ठेवले, पद्धत एकत्र बसवली, तर कुणाचेही गुपित बाहेर जात नाही. वापीचे कारखाने सांडपाण्यासाठी एकत्र आलेच आहेत, मग तपासणीसाठी का नको? १९९९ मध्ये जगातल्या दहा मोठ्या औषध कंपन्यांनी वेलकम ट्रस्टबरोबर एकत्र येऊन माणसाच्या जनुकांमधल्या फरकांचा नकाशा तयार करायला घेतला आणि तो सगळ्यांसाठी खुला ठेवला. पुढचे औषध ज्याने त्याने आपापले शोधले. अशा बैठकीत भाव, गिऱ्हाईक आणि टेंडर यांचा विषय मात्र निघता कामा नये. स्पर्धा कायद्यात अशा संगनमताला मोठा दंड आहे. बैठकीचे इतिवृत्त लिहा, म्हणजे पुढे कुणाला शंका येणार नाही.

सगळ्यांत जास्त सहकार्ये पैशाअभावी नव्हे, तर माणसाअभावी गळतात. मालक उत्साहाने करार करतात आणि मग तो विषय क्यूसीच्या मॅडमवर येतो, त्यांच्या रोजच्या ४० नमुन्यांच्या वर. म्हणून आठवड्यातला एक दिवस फक्त याच कामासाठी असलेला एक माणूस नेमा, आणि तो दिवस डिस्पॅचची घाई असली तरी मोडू नका. महिन्यातून एकदा त्याला वापीहून सकाळची फ्लाइंग राणी पकडून मुंबईला पाठवा. संस्थेच्या विद्यार्थ्यालाही महिन्यातून दोन दिवस मसाटला बोलवा आणि ऑफिसात बसवू नका. कॉम्प्रेशनच्या खोलीत ऑपरेटरशेजारी उभा करा. वारली, गुजराती, मराठी, हिंदी अशा चार भाषांत चाललेल्या त्या खोलीत त्याला आपल्या पावडरबद्दल बरेच काही ऐकायला मिळेल.

पहिल्या भेटीला जाताना कंपनीची चकचकीत फाइल नेऊ नका. एका पानावर प्रश्न लिहा: कोणता रुग्ण, आज त्याची अडचण काय, त्याला किती रुपये परवडतात, त्यातला कोणता भाग आम्हाला जमतो आणि कोणता जमत नाही. दुसऱ्या पानावर तुमची यंत्रे आणि त्यांच्या क्षमता. आणि पिशवीत एका फसलेल्या बॅचच्या गोळ्या घ्या, तिच्या नोंदीसकट. त्या टेबलावर ठेवा आणि समोरच्याला विचारा, या का फुटल्या असतील.